सरवरीबीची झिरप

बदामी महालात पाऊल टाकलं की जांभई यायचीच. त्याला इलाज नव्हता. बाहेर नगरचं ऊन असं, की कावळा चोच वासून भिंतीला टेकलेला. आणि आत निजामशाहीतल्या कारागिरांनी माणूस आडवा झोपेल एवढ्या जाड भिंती घालून ठेवलेल्या. सरकारनं त्या महालात कचेरी थाटली खरी, पण महालानं कचेरीला आपल्यासारखं करून टाकलं. वादी यायचा, प्रतिवादी यायचा, एका बाकावर बसायचे आणि एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायचे. उठल्यावर दोघं मिळून आठवत बसायचे, भांडण नेमकं कशाचं होतं. छतातला कापडी पंखा ओढणारा छगन दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून घोरायचा, आणि त्याच्या घोरण्याच्या तालावर साऱ्या कचेरीला वारा लागायचा.

जागा असायचा एकटा चांदभाई. खापरी नळाचा मिस्त्री.

खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे नळ, जमिनीखालून एकात एक घुसवलेले. भिंगारच्या पलीकडच्या विहिरीपासून थेट महालाच्या हौदापर्यंत. वाटेत ठिकठिकाणी विटांचे पोकळ खांब उभे, नळातली हवा बाहेर पडावी म्हणून. त्यांना म्हणायचे उसासे. चांदभाईचा बाप ह्याच नळावर होता, आजाही. चांदभाईनं चाळिशी ओलांडलेली, दाढी अर्धी पांढरी. विचारलं तर म्हणायचा, "पांढरी कुठली, चुना हाय तो."

माणूस मोठा खोडकर. खेड्यातनं कामाला आलेल्या माणसाला हा गंभीर तोंडानं सांगायचा, "आधी त्या भिंतीतल्या भोकाला अर्ज सांगा, महालाला कान हायेत." तो बिचारा भोकाशी तोंड नेऊन सगळी कर्मकथा सांगायचा. चांदभाई पलीकडच्या खोलीत जाऊन जाड आवाजात म्हणायचा, "उद्या या." माणूस समाधानानं घरी जायचा. कारकूनही शेवटी तेच सांगणार होता, इथं निदान लवकर कळलं.

पण अलीकडं हौद कोरडा पडलेला. वर्षावर्षानं धार बारीक होत गेली आणि आता तळाशी कबुतरं अंडी घालायला लागली. हे कुणाच्या ध्यानात यायला कुणी जागं पाहिजे ना.

ध्यानात आलं ते बांधकाम खात्याच्या काकासाहेब ओव्हरसियरच्या. लढाई चालू होती, सरकारला जिथंतिथं आग दिसत होती. महालात दफ्तराच्या खोलीशेजारी पाण्याची पिंपं हवीत, गच्चीवर टाकी हवी, खोल्याखोल्यांत तोट्या हव्यात, असा हुकूम वरून आलेला. आणि लोखंडी नळ मागावा तर लोखंड सगळं लष्करात भरती झालेलं.

काकासाहेब हौदाच्या काठावर बसले, टोपी काढून वारा घेतला आणि म्हणाले, "चांदभाई, पावसाळ्याच्या आत ह्या हौदात पाणी दिसलं पाहिजे. आग लागली तर विझवायला घोटभर पाणी नाही इथं."

"साहेब, आग लागायला कागद तरी जागा पाहिजे. हितं कागदबी निजलेत."

"थट्टा नको. पाणी आलं तर तोट्या, टाकी, सगळं तुझ्या हातानं होईल. नाही आलं तर खापरी नळ बंद आणि त्याच्यावरचा मिस्त्रीही बंद. बैलगाडीनं पाणी आणू." एवढं बोलून काकासाहेबांनी जांभई दिली, आणि बोलता बोलता हौदाच्या काठावरच त्यांचा डोळा लागला.

चांदभाईनं आपला जोडीदार सहादेव याला हाक मारली. सहादेव खणण्याच्या कामाचा, अंगानं रेडा आणि मनानं कोकरू.

गळती कुठंय ते शोधायची या लोकांची जुनी रीत होती. एका उसाशात ज्वारीचं भुसकट टाकायचं आणि पुढच्या उसाशात डोकावून बसायचं. भुसकट आलं की मधला नळ शाबूत. असं करत दोघं शेवटच्या उसाशापर्यंत आले. तो होता महालामागं, चिंचेखाली. तिथवर पाणी भरपूर. तिथनं महाल हाकेच्या अंतरावर, पण हौदात थेंब नाही. म्हणजे जे काही फुटलं होतं ते मधल्या रंगारगल्लीखाली. आणि तिथं नळावरच घरं उभी राहिलेली. नळ नेमका कुणाच्या चुलीखालनं जातो हे चांदभाईच्या बापालाही ठाऊक नव्हतं.

या चिंचेखालच्या उसाशाची एक गंमत होती. दुपारी त्याला पाठ लावून पडलं, की आतनं बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या. आधी पाण्याची चुळुक, मग ओलं कापड आपटल्यासारखा आवाज, मग बांगड्या. चांदभाई रोज तिथं पडायचा. सहादेवाला सांगितलं तर तो चार पावलं मागं सरकला.

"हडळ आसंल, चांदभाई. चिंचंवर आस्तीच."

"हडळ दुपारी धुनं धुती व्हय रं?"

पण चांदभाईला मनातनं वाटायचं की हे स्वप्नच आहे. कारण त्या बांगड्यांचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. रंगारगल्लीतल्या सरवरीबीच्या हातातल्या बांगड्या अशाच वाजायच्या.

सरवरीबी रंगारीण होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गल्लीवर आडव्या दोऱ्या बांधून ती लुगडी, ओढण्या, फेटे वाळत घालायची. दुपारचं ऊन त्यांतनं गाळून खाली यायचं. गल्लीतनं चालणारा माणूस दोन पावलं पिवळा व्हायचा, दोन पावलं हिरवा, पुढं गेला की अंजिरी. चांदभाई उगाचच त्या गल्लीतनं जायचा, रंग बदलत. पण साऱ्या गावाला टोप्या घालणारी त्याची जीभ तिच्या दारात आली की तोंडात चुना कालवल्यासारखी व्हायची.

तिच्या रंगाचं गुपित सगळ्या गल्लीला माहीत होतं. नगरच्या आडांचं पाणी मचूळ. त्यात रंग टाकला की रंगाचं तोंड वाकडं. पण सरवरीबीच्या अंगणात, मागच्या भिंतीच्या पायाशी, गोड्या पाण्याची झिरप होती. खाली दगडी कुंडी. तिच्या आजेसासऱ्याला पीरसाहेबांनी स्वप्नात येऊन दिलेलं पाणी, असं घरात चालत आलेलं. दर गुरुवारी तिथं ऊद जळायचा. अलीकडच्या वर्षांत तर पीरसाहेब असे प्रसन्न झाले, की कुंडी भरून पाणी वाहायला लागलं.

तिचा भाऊ इब्राहिम नेवाशाला. तो सारखा निरोप धाडायचा, एकटी काय राहतेस, इथं दारात प्रवरा आहे, ये निघून. ती उत्तर द्यायची, "झिरप हाय तवर मी हाय." हे वाक्य चांदभाई मनात घोळवायचा आणि पीरसाहेबांचे आभार मानायचा.

तर आता गल्लीखाली भुसकट अडकत होतं, पुढं सरकत नव्हतं. चांदभाईच्या डोक्यात आलं, भुसकट नको, रंगच टाकावा पाण्यात. जिथं फुटलंय तिथं रंगीत ओल वर येईल. आणि रंग म्हटल्यावर तिच्या दारात जायला निमित्त झालं, हे वेगळं सांगायला नको.

सरवरीबी कोपरापर्यंत निळी होऊन बसलेली. वर न बघताच म्हणाली, "काय मिस्त्री, आज काय रंगवायचं? फेटा का दाढी?"

"दाढी ऱ्हाऊ द्या. पानी रंगवायचंय."

"पान्याला कुनी रंगवतं व्हय?"

त्यानं अडखळत सगळं सांगितलं. ती हात धुऊन आत गेली आणि एक चपटा डबा घेऊन आली. झाकणावर घोड्याचं चित्र. "जर्मनीचा राणी रंग हाय. लढाई लागल्यापास्नं यायचा बंद झाला. येवढाच ऱ्हायलाय."

"तो कशाला? मूठभर हळद द्या."

"हळद मातीत दिसायची न्हाई. हा केसाएवढ्या फटीतनंबी दिसंल. सरकारी नोकरी हाय तुमची, ती जायला नगं." मग डबा त्याच्या हातात देऊन म्हणाली, "चिमूटभरच टाका. अंगाला लागला तर आठवडाभर निघत न्हाई."

गल्लीतनं परत जाताना चांदभाई कुठल्या रंगाखालनं गेला ते त्याला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहादेवाला चिंचेखाली बसवलं. चांदभाई गल्लीत जमिनीकडं बघत फिरायला लागला. सहादेवानं चिमूट टाकली. पाणी जरासं गुलाबी झालं आणि पुढं गेलं. त्याला वाटलं, एवढ्यानं काय होणार. त्यानं आणखी एक चिमूट टाकली. मग विचार केला, सरकारचं काम आहे, हात आखडता कशाला. आणि डबा पालथा करून, आतनं पाण्यानं विसळूनसुद्धा ओतला.

गल्लीत सारं शांत. कुठं ओल नाही, रंग नाही. म्हाताऱ्या ओट्यावर पेंगत होत्या. चांदभाई सरवरीबीच्या दारापाशी आला तेव्हा आतनं सावकाश हाक आली.

"मिस्त्री, जरा आत या."

ती कुंडीच्या काठावर बसली होती. भिंतीच्या पायातनं राणी रंगाची धार पडत होती. उन्हात ती अशी चमकत होती की बघत राहावं. कुंडी काठोकाठ गुलाबी, आणि तिच्यात कचेरीच्या पट्टेवाल्यांचे पांढरे फेटे, खळ घालायला आलेले, कमळासारखे फुगून तरंगत होते.

उसाशातल्या त्या बांगड्या स्वप्नातल्या नव्हत्या हे चांदभाईला तेव्हा कळलं. नळ इथंच फुटला होता, आणि फुटक्या जागेतनं तिच्या हातांचा आवाज पाण्याच्या उलट्या वाटेनं चिंचेपर्यंत येत होता.

"तीन पिढ्या ऊद जाळला आमी," सरवरीबी म्हणाली. "सरकारी नळाच्या भोकाला."

"पीरसाहेबांनी भोकच दिलं आसंल. देनाऱ्यानं काय दिलं ते का बघायचं."

ती हसली नाही.

"मला काय दिसलं न्हाई," चांदभाई हळूच म्हणाला. "सहादेवाला तर दिवसाबी दिसत न्हाई. नळ कुठं फुटला ते घावलं न्हाई, आसं सांगतो साहेबाला."

"आन् तुमची नोकरी?"

"लई झाली नोकरी."

"मला दिसलं की पन. चोरीच्या पान्यात कापडाला रंग धरंल, मिस्त्री, माज्या जिवाला न्हाई धरायचा. बुजवा ते."

"बुजवलं तर तुमी नेवाशाला जाल." एवढं वाक्य त्याच्या तोंडातनं सरळ बाहेर पडलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

सरवरीबीनं एक फेटा पिळला, झटकला, दोरीवर टाकला. "जायचं का न्हाई ते मी बघीन. तुमी तुमचं काम बघा."

मग काय. भिंतीच्या पायाशी सहादेवानं खड्डा घेतला आणि चांदभाई आत उतरला. नळाला हाताएवढी भेग गेलेली. त्यानं तिच्यावर तळहात ठेवला. थंडगार पाणी बोटांच्या फटींतनं निसटायला लागलं. खड्ड्यात ओल्या मातीचा आणि उदाचा मिसळलेला वास. डोळे मिटले तर नळातनं साऱ्या नगराचा आवाज येत होता. कुठंतरी मोट चालली होती, चिंचेत पोपट भांडत होते, महालात छगन घोरत होता. त्याला वाटलं, आपण असेच बसून राहिलो, हात अर्धा दाबलेला, अर्धा सोडलेला, तर दोन्हीकडं पाणी जाईल. महालातही जाईल, कुंडीतही. जन्मभर बसायला लागलं तरी बसू. डोक्यावर दोऱ्यांवरचे फेटे वाळत होते आणि त्यांची गुलाबी सावली त्याच्या पाठीवरनं सरकत होती.

"काय रं," वरनं सहादेव म्हणाला, "भोक बुजवतूस का त्येची नाडी बघतूस?"

"जा, चिंचंखाली बोळा कोंब. पानी थांबव."

पाणी थांबलं. चांदभाईनं चुना, जवसाचं तेल आणि पिंजलेला कापूस कुटून केलेला लेप घेतला आणि भेग भरायला लागला. भरता भरता खालच्या बाजूला करंगळी घालून ठेवली. करंगळीएवढं भोक राहिलं तर कुणाला कळणार आहे?

वरनं बांगड्या वाजल्या. "मिस्त्री, करंगळी काढा. मला तुमचा सोभाव ठावा हाय."

त्यानं करंगळी काढली. भोक बुजवलं. वरनं एक हात फिरवला, आणि मग उगाचच आणखी एक.

कुंडीवरची धार थेंब झाली, थेंब थांबला. अंगण एकदम मुकं झालं. सरवरीबी उठून आत गेली.

आता, नळ दुरुस्त केला की पहिलं पाणी हौदाच्या अलीकडच्या गटारात सोडून द्यायचं, ही तिन्ही पिढ्यांची शिस्त. गाळ असतो, चुना असतो. चांदभाईला ती झोपेतही आठवली असती. पण त्या दिवशी तो नळाच्या तोंडाशी गेलाच नाही. लेप वाळल्यावर सहादेवाला "सोड" म्हणाला आणि चिंचेखाली जाऊन उसाशाला पाठ लावून बसला. आतनं नुसतं पाणी वाहिल्याचा आवाज. बाकी काही नाही.

इकडं महालात हौदाच्या दगडी सिंहाच्या तोंडातनं आधी कोळ्याची जाळी बाहेर आली, मग कबुतराचं पीस, मग घरघर, आणि मग जाड धार. त्या आवाजानं बदामी महाल जागा झाला. किती वर्षांनी, कुणास ठाऊक. कारकून डोळे चोळत बाहेर आले. वादी-प्रतिवादी आले. छगन अंगठ्याची दोरी ओढतच आला, त्यामुळं आतला पंखा मोडला. काकासाहेबांचं हौदाच्या काठावर डुलकी घेणं चालूच होतं. ते उठले आणि झोपेच्या भरात ओंजळी भरभरून तोंड धुतलं, कान धुतले, मान धुतली. मग डोळे उघडले.

हौद राणी रंगाचा. आजूबाजूला उभ्या पट्टेवाल्यांच्या डोक्यांवर तसलेच फेटे. ओंजळ गुलाबी, मनगटं गुलाबी.

तेवढ्यात चांदभाई पोचला. काकासाहेबांनी त्याला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "चांदभाई, मी झोपलोय का?"

"व्हय साहेब," चांदभाई म्हणाला. "निजा."

काकासाहेब निमूट परत काठाला टेकले.

रंग चारपाच रोजांत हौदातनं गेला. काकासाहेबांच्या कानांवरनं जायला जास्त लागले. फेट्यांवरनं तर गेलाच नाही, आणि कलेक्टरसाहेबाला वाटलं पुण्याहून पोशाखाचा नवा हुकूम आला असेल. तोट्यांचं काम सुरू झालं, गच्चीवर टाकी चढली, दफ्तराशेजारी पिंपं भरली. चांदभाईची नोकरी पक्की झाली. पण त्यानंतर चांदभाईनं कुणाची थट्टा केली नाही. खेड्यातली माणसं भिंतीला अर्ज सांगून वाट बघत बसायची, पलीकडनं उत्तर नाही. लोकांना काळजी वाटायला लागली.

मग एका दुपारी रंगारगल्लीच्या तोंडाशी नेवाशाची बैलगाडी उभी राहिली. इब्राहिम आला होता, बहिणीला न्यायला. चांदभाईनं ती गच्चीवरनं बघितली आणि टाकीमागं जाऊन बसला.

खालनं सहादेवाची हाक आली. "आरं उतर की. बाई आलीया, नळ बघायला."

सरवरीबी हौदापाशी उभी होती. महालात ती पहिल्यांदाच आलेली. जवळच काकासाहेब कागद धरून उभे, कानांच्या पाळ्या अजून गुलाबी. तिनं भरलेल्या हौदात हात बुडवला आणि बराच वेळ बुडवूनच ठेवला, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखा.

"ह्ये भरल्यावर कुठं जातं?" तिनं विचारलं.

चांदभाई तिला मागच्या अंगाला घेऊन गेला. हौद भरून वाहायला लागलं की पाणी दगडी पन्हाळीतनं महालामागं पडायचं, बदामाच्या झाडाखाली. तिथं मोकळी जागा, एक पडवी, एक खोली. झाडाची सावली पाण्यावर हलत होती.

"आन् हितनं म्होरं?"

"कुठंच न्हाई. जिरतं."

मागनं काकासाहेब आले. "तीच तर पंचाईत झालीय. पाणी साचलं की डास होणार. उद्या वरून हिवतापाचा हुकूम येईल. ह्या पाण्याचं काय करावं?"

"साहेब, मी घेतलं तर चालंल?"

"घ्या की. उपकार होतील, बाई."

"उपकार नगंत. इचारलं, तुमी व्हय म्हनलात. ह्ये बास." ती चांदभाईकडं वळली. "रंगाचे हंडे हितं पडवीत मावतील. ती खोली कुनाची?"

"माजी."

"तुमच्या खोलीम्होरं रोज मी रंगाला बसनार. लोक चार गोष्टी बोलतील."

"बोलतील," चांदभाई म्हणाला. जीभ परत चुन्यात रुतलेली.

"मंग त्येंनी बोलायच्या आदी तुमी बोला. मला न्हवं. इब्राहिम गाडीपाशी हाय. आन् दाढीचा चुना काढून जा, न्हाईतर म्हनंल म्हातारा हाय."

"चुना न्हाई तो. दाढीच पांढरी हाय." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हे खरं सांगितलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली, आणि पन्हाळीखाली पाय धरून उभी राहिली.

इब्राहिमनं सगळं ऐकून घेतलं. चांदभाईला डोक्यापासनं पायापर्यंत बघितलं. मग बैलांकडं बघितलं. "तरी म्हनलं, रातोरात निरोप कसा काय आला, गाडी घेऊन ये म्हनून," तो म्हणाला. "नेवाशावरनं बैल दमवत आलो मी. आन् ह्ये हंडे न्हेयाचे कुठं, तर ह्या भिंतीच्या पलीकडं."

"बैलांना पानी पाजू. गोडं हाय," चांदभाई म्हणाला.

हंडे गाडीत चढवले. निळीचा हंडा भरलेलाच होता, तो ओतून द्यायला सरवरीबीनं साफ नकार दिला. म्हणून चांदभाई मागं बसला, दोन्ही हातांनी त्याला कवटाळून. गाडी गल्लीतनं निघाली, दोऱ्यांखालनं, पिवळ्यातनं हिरव्यात, हिरव्यातनं अंजिरीत. दर धक्क्याला हंडा हिंदकळत होता आणि थोडी थोडी नीळ त्याच्या मांडीवर सांडत होती. बैल सावकाश चालले होते. चांदभाईला वाटत होतं, आणखी सावकाश चालले तरी चालेल.